सरकारचे जावई कोण?

(हिंगोलीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला विषय दिलाय 'शिक्षणहक्क कायदा आणि आपण'. विषय देणाऱ्या भावाने फारच सभ्य विषय दिला. मी त्याचे कपडे जरा उतरवून मांडतो. सरकारच्या तिजोरीतला पैसा खाजगी शाळेत जातो, तेव्हा तो कुणाच्या नावावर निघतो आणि कुणाच्या घरात मुरतो, एवढंच मला बोलायचंय.

मी शिष्यवृत्तीवर शिकलो. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तसेच शिकले असतील. मी ज्या कॉलेजात होतो तिथे ऑफिसच्या खिडकीसमोर दोन रांगा असायच्या. एक रोख फी भरणाऱ्यांची, दुसरी फॉर्म घेऊन उभे राहणाऱ्यांची. पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेकडे एक शब्द यायचा. 'आले सरकारचे जावई.' हा शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात आमच्या पोरांनी ऐकलेला आहे. वर्षाचे काहीशे रुपये, तेही परीक्षा उरकल्यावर हातात पडणार, आणि त्यावर आम्ही जावई! जावयाला काय पंचपक्वान्नाचं ताट मिळतं, ते मला तरी होस्टेलच्या मेसमध्ये कधी दिसलं नाही. डाळ दिसायची, तीही बुडाशी.

तर आज आपण खरा जावई शोधू.

आपल्या राज्यात अनुदानित शाळा म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. शाळा खाजगी संस्थेची. पाटी संस्थेची, बहुतेक वेळा संस्थापकाच्या बापाच्या नावाची. मास्तरांचा पगार सरकारचा. वर वेतनेतर अनुदान वेगळं. कित्येक ठिकाणी जमीनसुद्धा सरकारची, नाममात्र भाड्याने. संस्थेचं काय? संस्थेची सही. मास्तर कोण नेमायचा हे त्या सहीत. पगार तिजोरीतून आणि नेमणूक वाड्यातून. मग आमच्या पोराने डी.एड. केलं, बी.एड. केलं आणि तो दारात उभा राहिला की त्याला विचारतात, 'देणगीचं काय?' बिंदुनामावली म्हणजे राखीव जागांचा रोस्टर कागदावर असतो, पण जागा भरायची कधी, जाहिरात कुठल्या कोपऱ्यात द्यायची, हे सगळं त्यांच्या हातात. २०१७ साली सरकारला पवित्र नावाचं पोर्टल काढावं लागलं ते उगाच नाही. पोर्टलला पवित्र नाव देण्याची पाळी येते, तेव्हा आधी काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको.

आता बघा. भूमिहीन दलित गायरान कसतो तेव्हा तो अतिक्रमण करणारा. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखोंनी लोक तुरुंगात गेले, त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९१ मध्ये, गायरानावरची जुनी वहिवाट कायम करायचा शासननिर्णय निघाला. आजही मराठवाड्यात सात-बारासाठी माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतायत. आणि शाळेच्या नावावर जमीन घेणारा मात्र समाजसेवक, पुढे शिक्षणमहर्षी, त्याच्याही पुढे आमदार.

मी सरकारी पैसा खाजगी शाळेला द्यायच्या सरसकट विरोधात उभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी मध्येच उठून मला जोतिबांची आठवण करून देईल. मीच करून देतो. जोतिबांच्या, सावित्रीबाईंच्या शाळा सरकारी नव्हत्या. पुण्यात मुलींच्या शाळांना, महार-मांगांच्या शाळांना मदत मिळाली त्यात दक्षिणा फंडाचाही पैसा होता. हा फंड मूळचा पेशवाईतला, ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचा. १८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा नुसता दक्षिणेत न घालवता लोकांच्या भाषेतल्या ग्रंथांकडे वळवा. सनातनी खवळले, आणि जोतिबा सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे सार्वजनिक पैसा कुणाच्या पानात वाढायचा ही मारामारी पावणेदोनशे वर्षांची आहे. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं, त्यात हेच मांडलं. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातीची पोरं. प्राथमिक शिक्षणाकडे सरकार ढुंकून बघत नाही. हे निवेदन आजच्या शिक्षणमंत्र्याच्या टेबलावर ठेवलं आणि वरची तारीख झाकली, तर त्याला वाटेल विरोधी पक्षाने दिलंय.

बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात गेले ते १९२७ साली. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. त्यांचा हिशेब साधा होता. अबकारी खात्यातून, म्हणजे दारूवर, सरकार माणशी दोन रुपयांच्या वर गोळा करतं आणि शिक्षणावर माणशी रुपयाही घालत नाही. लोकांकडून दारूपायी जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या तालुक्यांत आजही हा हिशेब मांडून बघा. वस्तीवर देशी दारूचं दुकान कधी पटसंख्येअभावी बंद पडलं नाही. १९४४ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना बाबासाहेबांनी तीन लाखांची तरतूद करून घेतली आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. ज्या शब्दावरून आम्हाला जावई म्हटलं गेलं, त्या पैशाचं मूळ तिथे आहे. तो पैसा कुणाच्या सासऱ्याने दिलेला नाही.

अनुदानाला दुसरीही बाजू आहे, तीही सांगतो. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या काळात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद केलं. रयतसारख्या संस्थेचं! बहुजनांच्या पोरांना कमवा आणि शिका म्हणत वसतिगृहात एका पंगतीत बसवणाऱ्या माणसाचं! लोकांनी ओरडा केला, मग ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे पैसा देणाऱ्याच्या हातात दोरी असते, आणि ती दोरी बोलणाऱ्याच्या गळ्याला लागते, गप्प बसणाऱ्याच्या नाही. म्हणून शिक्षणसम्राट सगळ्याच पक्षांत गप्प बसलेले आढळतात.

पुढचा रस्ता झटकन सांगतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. २००१ पासून शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारायला सुरुवात झाली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द गाळला. शब्द गळाला, पैसा आला नाही. त्या शाळांतल्या मास्तरांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बिनपगारी शिकवलं. दिवसा वर्गात आणि संध्याकाळी हळदीच्या शेतात मजुरीला, असे मास्तर आमच्या वसमत भागात मी डोळ्यांनी पाहिलेत. मग २०१६ मध्ये वीस टक्क्यांचा तुकडा टाकला. दरम्यान २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. त्याचा अर्थ, तुझ्या पैशाने काढ, तुझ्या मर्जीने चालव. गल्लोगल्ली इंटरनॅशनल स्कुलं उगवली ती तेव्हापासून. हिंगोलीत विमानतळ नाही, पण इंटरनॅशनल शाळा भरपूर!

आणि एक गोष्ट शेजारची. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना त्यांनी शाळांचे पट तपासले. एका शाळेतलं पोरगं दुसऱ्या शाळेत नेऊन दाखवू नये म्हणून बोटाला शाई लावली, मतदानासारखी. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सगळ्या राज्यात पटपडताळणी झाली. २० लाखांच्या आसपास पोरं पटावर होती आणि वर्गात नव्हती. त्यातली काही खरोखर आजारी असतील, काही आईबापाच्या मागं कामावर गेली असतील, हे मी धरून चालतो. पण बाकीची जन्मालाच आलेली नव्हती, किंवा दोन-दोन शाळांत एकाच वेळी शिकत होती. त्या न जन्मलेल्या लेकरांच्या नावाने तुकड्या मंजूर, तुकड्यांवर मास्तर मंजूर, मास्तरांवर पगार. जन्मलेल्या लेकराला बसायला पट्टी नाही आणि न जन्मलेल्याच्या नावावर घरं चालतात. आता सांगा, जावई कोण?

बरं, आता कायद्याकडे या.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात बारावं कलम आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेनेसुद्धा पहिलीच्या वर्गात, किंवा बालवर्गापासून शाळा असेल तर तिथे, किमान पंचवीस टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बळ घटकांच्या लेकरांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत फुकट शिकवायचं. पैसे सरकार शाळेला देणार. सरकारी शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च होतो तेवढे किंवा त्या शाळेची फी, यातलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातीच्या लेकराला उत्पन्नाची अट नाही. आर्थिक दुर्बळ म्हणून अर्ज करणाऱ्याला वर्षाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो.

संस्थाचालक सुप्रीम कोर्टात गेले. म्हणाले, शाळा काढणं हा आमचा धंद्याचा हक्क आहे, त्यात सरकारने पोरं घुसवू नयेत. १२ एप्रिल २०१२ ला कोर्टाने कायदा उचलून धरला, अल्पसंख्य विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. २०१४ मध्ये दुसऱ्या निकालाने सगळ्याच अल्पसंख्य शाळा सुटल्या. तो निकाल आला आणि अल्पसंख्य दर्जाचा दाखला शाळांना एकदम गोड लागायला लागला. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

कायद्याने दार उघडलं. पण दारात उभं राहून काय काय होतं ते इथल्या आयाबहिणींना विचारा. फी सरकार देतं. पण शाळा म्हणते गणवेश आमच्याच दुकानातून, पुस्तकं आमचीच, गाडीभाडं वेगळं, स्नेहसंमेलनाचे वेगळे. वस्तीतली एक मावशी मला म्हणाली, 'दादा, फुकटची शाळा लई महाग पडली बघ.' तिच्या लेकराला तिसरीत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलंच नव्हतं, कारण तो ग्रुप 'फी भरणाऱ्या पालकांचा' होता. शाळेचं नाव मी घेत नाही, अशा एका शाळेची ही गोष्ट नाहीच. पूर्वी पाणवठा वेगळा होता, आता ग्रुप वेगळा.

शाळेची तक्रार असते की सरकार पैसे देत नाही. ही तक्रार खोटी नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. महाराष्ट्रात मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असा प्रतिपूर्तीचा दर ठरला. महिन्याला दीड हजारही नाही. करोनात २०२०-२१ साली तो ८,००० वर आणला. आणि तोही वेळेवर नाही. २०२४ मध्ये संस्थाचालकांच्या संघटना हजार कोटींच्या वर थकबाकी सांगत होत्या. आता हा सरकारचा आणि संस्थाचालकाचा व्यवहार. त्यात आमचं लेकरू कुठे येतं? पण राग निघतो लेकरावर. सावकाराने बापाचं देणं फेडलं नाही म्हणून पोराला उन्हात उभं करायचं, तसला हा प्रकार. सरकारला हे कळत नाही असं समजू नका. पैसे थकवत ठेवले की शाळा आपोआप आमच्या पोरांचा द्वेष करायला लागते, आणि सरकारचे हात स्वच्छ राहतात.

पण २०२४ मध्ये सरकारने हातसुद्धा स्वच्छ ठेवले नाहीत. ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमात दुरुस्ती काढली. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिने पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. झालं! एका ओळीत कायदा आडवा केला.

मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, तुम्ही हिंगोलीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. १९९९ मध्ये परभणीतून फोडून काढलेला जिल्हा. तालुके पाच. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. गावं लहान. गावात शाळा आली ती जिल्हा परिषदेचीच आधी आली. खाजगी शाळा निघाली ती रस्त्याला, बसस्टँडच्या जवळ, तहसीलच्या मागं. आता या गावात एक किलोमीटरचा गोल मारा. कुठली खाजगी शाळा त्या गोलाबाहेर उरते? हिंगोली शहरात तर मास्तरने मोठ्याने पाढे म्हटले तर दुसऱ्या शाळेत ऐकू जातील. आधीच मुंबई-पुण्याकडे जागा हजारोंनी आणि आमच्याकडे काही शेकडा. त्या शेकड्यांवरही हा बुलडोझर.

सरकारचा युक्तिवाद ऐकायला मोठा गोड होता. सरकारी शाळा ओस पडतायत, तिथे पोरं गेली पाहिजेत, सरकारी पैसा खाजगीला का द्यायचा? व्वा! एवढी समाजवादी भाषा मंत्रालयातून फार दिवसांनी ऐकली. पण साहेब, ही भाषा तुम्हाला फक्त आमच्या लेकरांच्या बाबतीत कशी सुचते? जिल्हा परिषदेची शाळा एवढी चांगली आहे, तर त्या गोलात राहणाऱ्या तहसीलदाराच्या, डॉक्टरच्या, झेडपी मेंबरच्या पोराला का नाही तिथे धाडत? पंचाहत्तर टक्के पैसेवाल्यांना गोल नाही. गोल फक्त पंचवीस टक्क्यांना. ही रेषा कुठल्या पेन्सिलीने ओढलेली आहे, ते ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावकुसाची रेषा पाहिली त्यांना समजावून सांगायला नको.

आणि ज्या सरकारला झेडपीच्या शाळेचा एवढा उमाळा आला, त्याच सरकारने वर्षभर आधी वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा मोजायला घेतल्या होत्या. राज्यात त्या सुमारे १५ हजार निघाल्या. त्यांच्या समूहशाळा करायच्या, म्हणजे चार शाळांना कुलूप घालून पाचवीत पोरं कोंबायची, असा बेत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी शाळा कंपन्यांना दत्तक द्यायची योजनाही काढली. एका हाताने शाळा बंद करायची, दुसऱ्या हाताने तीच शाळा दाखवून म्हणायचं, जा तिथे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये या नव्या नियमाने अर्ज मागवले. पोर्टलवर ७६ हजारांच्या आसपास शाळा, ८ लाख ८६ हजार जागा. आकडा बघून डोळे दिपतील. पण त्या जागा होत्या झेडपीच्या आणि अनुदानित शाळांतल्या, जिथे आमची पोरं एरवीही फुकटच जातात. अर्ज ७० हजारांपर्यंतही पोचले नाहीत. लोकांनी सरकारला न बोलता उत्तर दिलं. पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या. ६ मे ला स्थगिती आली. पुन्हा जुन्या पद्धतीने अर्ज मागवले, तेव्हा सुमारे १ लाख ५ हजार जागांना २ लाख ४२ हजारांवर अर्ज आले. तोच पालक, तेच लेकरू, महिनाभराचा फरक. कोण म्हणतो आमच्या लोकांना समजत नाही?

१९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या खंडपीठाने ती दुरुस्ती रद्द केली. संसदेने कायद्यात अशी अट घातली नाही, ती राज्याला नियमाच्या मागल्या दाराने घालता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. संस्थाचालक सुप्रीम कोर्टात गेले, ९ ऑगस्टला तिथेही त्यांचं काही चाललं नाही. आपण जिंकलो. टाळ्या नका वाजवू. सोडत जूनमध्ये काढून ठेवलेली, यादी निकालापर्यंत अडकलेली, प्रवेश सुरू झाले ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. शाळा भरली होती जूनमध्ये. पहिलीतलं सहा वर्षांचं लेकरू दीड महिना घरी बसलं आणि मग वर्गात गेलं तेव्हा बाकीच्यांची बाकं ठरून गेली होती, मैत्र्या जुळून गेल्या होत्या, बाई बाराखडीच्या पुढं गेल्या होत्या. कोर्टाच्या निकालात या दीड महिन्याची भरपाई नसते.

असा नियम करणारं आपलं राज्य पहिलं नव्हतं. कर्नाटकाने २०१९ च्या प्रवेशापासून असंच केलं आणि तिथल्या खाजगी शाळांतल्या या जागा धाडकन खाली आल्या. २०२५ मध्ये तमिळनाडूत केंद्राने समग्र शिक्षाचा पैसा अडवला म्हणून या जागांचे प्रवेश लटकले. दोन सरकारांची झुंज आणि तुडवलं गेलं ते लेकरू.

आता जरा दूरचं सांगतो. काळ्या अमेरिकेशी आपलं जुनं नातं आहे, पँथर हा शब्दच तिथून आला. व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे, म्हणजे आपला एखादा तालुका धरा. १९५१ मध्ये तिथल्या काळ्या पोरांनी शाळेत संप केला. त्यांच्या शाळेत छप्पर म्हणून डांबरी कागद मारलेल्या खोल्या होत्या. संपाची पुढारी होती सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स. त्यांचा खटला पुढे ब्राऊन खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा चालणार नाहीत. मग गोऱ्यांनी काय केलं माहिताय? १९५९ मध्ये त्यांनी काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातलं. गोऱ्या पोरांसाठी खाजगी शाळा काढली आणि तिथल्या फीसाठी सरकारी तिजोरीतून मदत दिली. काळ्यांची दीड हजारावर लेकरं शाळेविना राहिली, एकदोन दिवस नाही, पाच वर्षं. १९६४ मध्ये कोर्टाने शाळा उघडायला लावल्या.

हे मी का सांगतोय? सरकारी पैसा आणि खाजगी शाळा, ही तीच जोडी. तिथे ती काळ्यांना बाहेर ठेवायला वापरली. आपल्या कलमात ती आमच्या लेकराला आत घ्यायला वापरायची आहे. कागदावर व्यवहार एकच दिसतो, तिजोरीतून शाळेच्या खात्यात पैसे. म्हणून अनुदान चांगलं की वाईट, असल्या चर्चेत वेळ घालवू नका. दारात कोण उभा आहे आणि त्याच्या हातात कडी आहे की नाही, ते बघा.

माझं मत विचाराल तर पंचवीस टक्क्यांत आमची सगळी लेकरं मावणार नाहीत. सेनगावच्या टोकाच्या तांड्यावर, कळमनुरीच्या डोंगरातल्या आंध आदिवासींच्या पाड्यावर खाजगी शाळाच नाही, तिथे पंचवीस टक्के कशाचे काढणार? तिथे झेडपीची शाळाच पाहिजे, आणि ती दोन मास्तरांची, चालू छपराची, शेंगदाण्याच्या चिक्कीवर बोळवण न करणारी पाहिजे. ही लढाई मोठी आहे. पण मोठी लढाई होईपर्यंत छोटी जागा सोडा, असं कुणी आपल्याला सांगत असेल तर त्याचं पोरगं कुठल्या शाळेत आहे ते आधी विचारा. आमच्यातले काही शिकलेले, नोकरीला लागलेले भाऊसुद्धा हे सांगतात. त्यांची पोरं नांदेडला, संभाजीनगरला पन्नास-साठ हजार भरून शिकतात आणि ते आम्हाला झेडपी शाळेचं तत्त्वज्ञान ऐकवतात.

आणि आठवीनंतर काय? कायदा चौदा वर्षांपर्यंत. नववीला शाळा पूर्ण फी मागते. आठ वर्षं एका बाकावर बसलेलं पोर एका उन्हाळ्यात बाहेर. मी अशी तीन पोरं ओळखतो. एक आता मोंढ्यात हमाली करतो. त्याला इंग्रजी चांगलं येतं. पोत्यावरचा मजकूर वाचून तो बाकीच्यांना सांगतो.

औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. नामदेव आमच्या नर्सीचा, जातीचा शिंपी. देवळासमोर कीर्तन करत होता तर पुजाऱ्यांनी त्याला मागे हाकललं. तो मागे जाऊन गायला लागला, तर म्हणे देऊळच त्याच्याकडे फिरलं. आमचा देवावर विश्वास नाही, देवळावर तर नाहीच. पण हाकलल्याचा भाग खरा वाटतो. देऊळ फिरल्याचा भाग पुढच्यांनी मनाच्या समाधानासाठी घातला असणार. शाळेचं तोंड आपोआप कुणाकडे फिरलेलं मी पाहिलं नाही. ते कागद घेऊन, दहा वेळा खेटे घालून फिरवावं लागतं.

त्या कागदांचंच शेवटी बोलतो, कारण पुढच्या महिन्यांत तेच काम आहे. २०२५ साली अर्ज कधी सुरू झाले? १४ जानेवारीला. आमच्या नामांतराच्या दिवशी. सोडत १० फेब्रुवारीला आणि प्रवेश त्याच महिन्यात. १ लाख ९ हजार जागा आणि अर्ज तीन लाखांवर, म्हणजे एका जागेमागं जवळजवळ तीन लेकरं. आता जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या वस्त्यांत कोण असतं? म्हातारी माणसं आणि कुत्री. तरणीताठी माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. लेकरू त्यांच्याच बरोबर, उसाच्या फडात, कोपीत. ती परत येतात उन्हाळ्यात, तेव्हा यादी लागून, प्रवेश होऊन, जागा भरून गेलेल्या. ज्याने हे वेळापत्रक आखलं त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यात ऊसतोडीवाला नव्हताच, एवढंच म्हणतो.

म्हणून काम दसऱ्याआधी उरकायचं. टोळी उचल घेऊन गावातून निघायच्या आत. लेकराचा जन्मदाखला, बापाचा किंवा लेकराचा जातीचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्याकडे करारनामा मागतात, आणि आमच्या वस्तीत करारनामा कोण करून देतो? रेशनकार्ड, लाइटबिल, जे असेल ते गोळा करा. जातीचा दाखला नसला तर आजच अर्ज टाका, कारण १९५० च्या आधीचा पुरावा शोधण्यात दोन-दोन महिने जातात. जुन्या शाळेचा दाखलखारीज उतारा काढा, आजोबाचं नाव तिथे सापडतं. कुणाचा तरी चालू मोबाईल नंबर अर्जावर द्या, जो नंबर फडावर बदलणार नाही, म्हणजे शक्यतो तुमचा. मेसेजची वाट बघू नका, यादी स्वतः बघा. नाव निघालं की आईबापाला फडावर फोन करा आणि एकाने तरी यायचं भाडं वस्तीने वर्गणी करून द्या.

शहरातून आलेल्या पोरांना माझं सांगणं आहे, भाषणं आम्ही करू, तुम्ही लॅपटॉप घेऊन या. प्रत्येक तालुक्याला दोघे पाहिजेत. आणि एक माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच लिहून टाकू. गेल्या पाच वर्षांत या जिल्ह्यातल्या कुठल्या शाळेला किती लेकरांमागे किती प्रतिपूर्ती मिळाली, किती थकली आणि त्यातली किती लेकरं आज प्रत्यक्ष त्या वर्गात आहेत. सह्या करणाऱ्यांनी चहा झाल्यावर या टेबलाशी थांबा. कळमनुरीचं कुणी आलंय का? हात वर करा.